शनिवारचे गाव

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेले शेतीचे राज्य. मका, सोयाबीन, गुरे आणि नजर पोचेल तिथवर सपाट रान. राज्यात मोठी म्हणावीत अशी दोनच शहरे, ओमाहा आणि लिंकन. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांतल्या ठरावीक शनिवारी तिथे तिसरे शहर वसते आणि अंधार पडेपर्यंत उठूनही जाते. लिंकनमधल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये त्या दिवशी पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसे लाल कपडे घालून दाटीवाटीने बसतात. ओमाहा आणि लिंकन सोडले तर एवढी वस्ती राज्यातल्या एकाही गावाची नाही. ३ नोव्हेंबर १९६२ पासून या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे खपलेली आहेत. मधल्या काळात नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि नंतरची कितीतरी वर्षे सपाटून मारही खाल्ला. तिकिटांच्या खिडकीवर त्याचा परिणाम झाला नाही.

आणि हे सगळे कोणासाठी? मैदानात उतरणारी मुले अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची असतात. ती विद्यापीठात येतात, तीन-चार हंगाम खेळतात आणि निघून जातात. त्यांतली मोजकी पुढे व्यावसायिक खेळाडू होतात, बाकीची नोकरीधंद्याला लागतात. प्रेक्षक मात्र तिथेच असतो. आजोबांच्या नावावरचे तिकीट नातवाकडे येते, तीच रांग, तोच बाक. महाविद्यालयीन फुटबॉलचे सगळे वेगळेपण या विषम नात्यात आहे. खेळाडू पाहुणा आहे आणि घर प्रेक्षकाचे आहे. संघाच्या चालीरीती, गाणी, वैरे, नवससायास, एवढेच काय, संघाच्या लाजिरवाण्या आठवणीसुद्धा प्रेक्षकांनी सांभाळल्या आहेत. म्हणून या खेळाचा इतिहास लिहायचा तर धावफलकापेक्षा पायऱ्यांकडे अधिक पाहावे लागते, आणि इथे तेच केले आहे.

मराठी वाचकासाठी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. इथला फुटबॉल हा लंबगोल चेंडूचा, हेल्मेट आणि जाड खांदेपट्ट्या चढवून खेळायचा अमेरिकी खेळ आहे. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करायचा. एवढे कळले तरी सामना पाहता येतो. दुसरी गोष्ट मैदानांची. अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ शाळांच्या फुटबॉलची, शनिवार महाविद्यालयांचा आणि रविवार ‘एनएफएल’ या व्यावसायिक साखळीचा. पैसा आणि कीर्ती रविवारकडे जास्त. तरी एक लाखाहून अधिक कायम आसने असलेली मैदाने पाहिली, तर ती महाविद्यालयांची निघतात. मिशिगन विद्यापीठाचे मैदान १,०७,६०१ जणांचे आहे. अॅन आर्बर हे तिथले गाव त्या आकड्यापेक्षा फार मोठे नाही. पेन्सिल्व्हेनियातले स्टेट कॉलेज, टेक्सासमधले कॉलेज स्टेशन ही नावेच सांगतात की ही गावे महाविद्यालयाभोवती उभी राहिली. जवळपास व्यावसायिक संघ नाही, समुद्रकिनारा नाही, राजधानी नाही. आपली ओळख सांगायला त्या पंचक्रोशीकडे एक विद्यापीठ आहे आणि त्याचा संघ आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा सामना पाहायला पेठच्या पेठ उतरते, ते ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाही.

सुरुवात अगदी साधी होती. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या न्यू ब्रन्सविक गावी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांची मुले एकमेकांशी भिडली. एका बाजूला पंचवीस-पंचवीस जण, चेंडू गोल, हातात घेऊन पळायला मनाई. रटगर्सने ६-४ असा विजय मिळवला. पाहणारे शंभराच्या घरात होते. रटगर्सच्या मुलांनी आपली माणसे ओळखू यावीत म्हणून डोक्याला लाल फडकी बांधली होती, आणि रटगर्सचा रंग आजही लालच आहे. पुढच्या वीस वर्षांत येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप यांनी या धसमुसळ्या खेळाला नियमांची चौकट दिली. अकरा खेळाडू, चेंडू कोणाकडे आहे ते ठरवणारी रेषा, ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापण्याचे बंधन, हे सगळे १८८० पासूनच्या दोन-तीन वर्षांतले.

नियम आले तरी खेळ जीवघेणाच राहिला. एकमेकांच्या हातात हात गुंफून, पाचर ठोकावी तसे शत्रूच्या फळीवर तुटून पडायचे, ही त्या काळची मुख्य चाल. १९०५ च्या एकाच हंगामात शाळा-महाविद्यालयांतली किमान १८ मुले मैदानावर दगावली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा हार्वर्डच्या नवागतांच्या संघात खेळत होता. काही विद्यापीठांनी तर खेळच बंद केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९०५ नंतर फुटबॉलला रजा दिली ती १९१५ पर्यंत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले तेव्हा त्या विद्यापीठाला फुटबॉलचा संघच नव्हता. संघ परत आला त्याच वर्षी बाबासाहेबांनी तिथे एम. ए. ची पदवी घेतली.

या संकटातून खेळाला वाचवण्यात एका इमारतीचाही हात आहे. हार्वर्डच्या १८७९ च्या तुकडीने पदवीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त मोठी देणगी दिली आणि तिच्या आधारावर १९०३ मध्ये सळई-काँक्रीटचे, घोड्याच्या नालासारखे भव्य स्टेडियम उभे राहिले. गर्दीची रेटारेटी कमी व्हावी म्हणून मैदान रुंद करावे, अशी सूचना नंतर पुढे आली. पण हार्वर्डच्या पक्क्या पायऱ्या हलवणार कोण? या खेळाचे इतिहासकार सांगतात की रुंदी वाढवता येईना म्हणून दुसऱ्या उपायाला बळ मिळाले. १९०६ पासून चेंडू हवेतून पुढे फेकायला परवानगी मिळाली. आज या खेळातली सर्वांत देखणी गोष्ट कोणती असे विचारले तर बहुतेक जण हवेत फिरत जाणाऱ्या त्या लांब फेकीकडेच बोट दाखवतील. तिच्या मुळाशी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या पायऱ्या आहेत, ही गोष्ट विसरू नये.

येलने १९१४ मध्ये वेगळाच मार्ग काढला. जमीन खोल खणली, निघालेल्या मातीचे भोवताली बांध घातले आणि त्यावर बाक मांडले. वाडग्यासारख्या दिसणाऱ्या त्या मैदानाचे नाव ‘येल बोल’. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाच्या लोकांनी १९२२ मध्ये तो नमुना पुढे ठेवून ‘रोझ बोल’ बांधले, आणि पुढे हंगामाच्या शेवटी होणाऱ्या मानाच्या सामन्यांना ‘बोल’ म्हणायची पद्धतच पडली.

खरी बांधकामाची लाट आली ती पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांचे स्मारक काय करावे, हा प्रश्न प्रत्येक विद्यापीठापुढे होता. पुतळा उभारण्यापेक्षा लोक दरवर्षी जमतील अशी जागा बांधावी, हे उत्तर अनेकांनी दिले. नेब्रास्का, इलिनॉय, टेक्सास, कॅन्सस, कॅलिफोर्निया, सगळीकडे १९२०च्या दशकात ‘मेमोरियल स्टेडियम’ उभी राहिली. इलिनॉयमध्ये पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या दगडी खांबांवर मृत विद्यार्थ्यांची नावे कोरलेली आहेत. तिथे १८ ऑक्टोबर १९२४ रोजी मैदानाच्या औपचारिक उद्घाटनाला रेड ग्रेंज या खेळाडूने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार नेला. त्या दिवशी पायऱ्यांवर असलेल्या माणसांनी ही गोष्ट उरलेले आयुष्यभर सांगितली असणार. ओहायोने कोलंबसमध्ये १९२२ साली ६६ हजारांहून अधिक जणांचे मैदान बांधले तेव्हा एवढे मोठे मैदान भरायचे कसे, अशी टीका झाली होती. मिशिगनशी झालेल्या उद्घाटनाच्या सामन्यालाच ते भरून वाहिले. या बांधकामांचा पैसा सरकारने दिला नव्हता. बराचसा भाग विद्यार्थी, पदवीधर आणि गावातल्या दुकानदारांच्या वर्गणीतून आला होता. आपण दिलेल्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या भिंतीवर माणूस हक्क सांगतोच.

लुइझियानाची तऱ्हा याहून न्यारी. १९३० च्या दशकात बॅटन रूजच्या विद्यापीठाला वसतिगृहांची गरज होती आणि क्रीडा विभागाला आसने वाढवायची होती. मग स्टेडियमच्या पायऱ्यांखालीच मुलांच्या खोल्या बांधल्या गेल्या. कित्येक दशके विद्यार्थी त्या खोल्यांत राहिले. खाली अभ्यासाचे टेबल, डोक्यावर हजारो पायांचा दणदणाट. याच मैदानावर ८ ऑक्टोबर १९८८ च्या रात्री ऑबर्नविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत लुइझियानाने विजयी टचडाउन केला, तेव्हा उठलेल्या जल्लोषाची थरथर विद्यापीठाच्या भूकंपमापकावर उमटली. तो सामना आजही ‘भूकंपाचा सामना’ म्हणून ओळखला जातो.

सगळ्याच मैदानांचे नशीब असे नव्हते. शिकागो विद्यापीठ एकेकाळी या खेळातले बडे प्रस्थ होते. देशातल्या उत्कृष्ट खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी १९३५ मध्ये पहिल्यांदा दिली गेली, ती याच विद्यापीठाच्या जे बरवँगर याला. पण विद्यापीठाचे तरुण प्रमुख रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांना फुटबॉल हे विद्येच्या वाटेवरचे लोढणे वाटे. १९३९ च्या हंगामानंतर त्यांनी मोठ्या साखळीतला संघ मोडीत काढला. स्टॅग फील्ड ओस पडले. पश्चिमेकडच्या रिकाम्या पायऱ्यांखाली रॅकेटच्या खेळाचे एक बंदिस्त कोर्ट होते. तिथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून, २ डिसेंबर १९४२ रोजी मानवाने घडवलेली पहिली नियंत्रित आण्विक साखळी प्रक्रिया चालवून दाखवली. अणुयुगाचा जन्म फुटबॉलच्या पायऱ्यांखाली झाला! आज तिथे विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय आणि हेन्री मूर यांचे शिल्प आहे. हचिन्स यांची भूमिका पटण्यासारखी आहे, आणि तिची किंमत काय होती तेही स्पष्ट दिसते. शिकागोने ज्ञानात कुठेच माघार घेतली नाही, पण त्या शहराला विद्यापीठाशी जोडणारा एक रस्ता बंद झाला.

प्रेक्षक हा संघाचा भाग असतो, असे सगळेच क्लब म्हणतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात ते शब्दशः पाळले जाते. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्ध खेळताना या संघाचे खेळाडू एकामागून एक जखमी होऊ लागले. प्रशिक्षक डॅना बायबल यांना राखीव गडी पुरेनात. ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी आधी फुटबॉल संघात होता, पण बास्केटबॉलसाठी त्याने तो सोडला होता. त्या दिवशी तो पत्रकारांना खेळाडू ओळखून सांगायचे काम करत होता. बायबल यांनी त्याला खाली बोलावले. पायऱ्यांखाली एका जखमी खेळाडूचा गणवेश अंगावर चढवून गिल मैदानाच्या कडेला उभा राहिला, शेवटपर्यंत. त्याला उतरावे लागले नाही, संघ २२-१४ असा जिंकला. पण तो तयारीत उभा होता, एवढे लोकांना पुरेसे झाले. तेव्हापासून तिथला विद्यार्थीवर्ग स्वतःला ‘बारावा गडी’ म्हणवतो आणि संपूर्ण सामना उभ्याने पाहतो. टेक्सासच्या उन्हात चार-चार तास. आदल्या मध्यरात्री हजारो जण रिकाम्या मैदानात जमून आरोळ्यांची तालीम करतात.

याच विद्यापीठाने परंपरेची जबर किंमतही मोजली. टेक्सास विद्यापीठाशी होणाऱ्या वार्षिक सामन्याआधी विद्यार्थी प्रचंड होळी पेटवत. ओंडके तोडणे, वाहणे, रचणे, सगळे मुलेच करत, आणि ही होळी १९०९ पासून रचली जात होती. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास जवळपास अठरा मीटर उंच रचलेले ओंडके कोसळले. १२ जण मरण पावले, २७ जखमी झाले. आठ दिवसांनी ठरल्याप्रमाणे सामना झाला आणि मध्यंतरात टेक्सासच्या, म्हणजे शंभर वर्षांच्या प्रतिस्पर्ध्याच्या, बँडने मृतांना मानवंदना दिली. विद्यापीठाने ती होळी पुन्हा पेटवली नाही. जिथे ती रचली जात होती तिथे बारा जणांचे स्मारक आहे. परंपरा जपणाऱ्यांनी तिची तपासणीही करायला हवी होती, आणि ती वेळेवर झाली नाही, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आयोवा राज्याच्या वाट्याला या खेळातल्या सर्वांत हळव्या आणि सर्वांत कठोर, दोन्ही आठवणी आल्या. आयोवा सिटीतले मैदान नाइल किनिक याच्या नावाचे. १९३९ ची हाइसमन ट्रॉफी जिंकलेला हा मुलगा नौदलात वैमानिक झाला आणि जून १९४३ मध्ये प्रशिक्षणाच्या उड्डाणात समुद्रात कोसळून गेला. २०१७ मध्ये स्टेडियमला खेटून मुलांचे नवे रुग्णालय सुरू झाले. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खिडक्यांतून मैदान दिसते. एका चाहतीने सुचवले की पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला चतुर्थांश, संपला की सगळ्यांनी वर वळून त्या मुलांना हात करावा. त्या हंगामापासून पहिल्या क्वार्टरअखेर जवळपास सत्तर हजार माणसे, दोन्ही संघांचे खेळाडू, प्रशिक्षक आणि पंचसुद्धा, मैदानाकडे पाठ करून खिडक्यांकडे हात हलवतात. सलाइन लावलेली, डोक्यावरचे केस गेलेली मुले काचेमागून हात हलवतात. विद्यापीठाच्या कोणत्याही समितीने हे ठरवले नव्हते.

त्याच मैदानावर १९३४ मध्ये ओझी सिमन्स या काळ्या खेळाडूला मिनेसोटाच्या संघाने इतके तुडवले की त्याला पुन्हा पुन्हा बाहेर जावे लागले. पुढच्या वर्षी मिनेसोटाचा संघ पुन्हा आयोवात येणार म्हटल्यावर वातावरण तापले. आयोवाचे गव्हर्नर क्लाइड हेरिंग यांच्या वक्तव्याने तेलच ओतले. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी तार करून एका डुकराची पैज लावली. जो हरेल त्याने जिंकणाऱ्याला आपल्या राज्यातले उत्तम डुक्कर द्यायचे. सामना शांततेत पार पडला, मिनेसोटा जिंकला, आणि हेरिंग खरेच एक धष्टपुष्ट डुक्कर घेऊन ओल्सन यांच्या कचेरीत हजर झाले. त्या जनावराचे नाव ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’. आज त्याच्या ब्राँझच्या पुतळ्यासाठी दोन्ही संघ दरवर्षी झुंजतात आणि जिंकणारी मुले तो उचलून मैदानभर नाचतात. गंमत खरी आहे, पण तिच्याखाली ओझी सिमन्सच्या बरगड्या आहेत. तो पुतळा पाहणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवे.

आयोवातल्याच एम्समधली गोष्ट यापेक्षाही मोठी. जॅक ट्राइस हा आयोवा स्टेटचा पहिला काळा खेळाडू. ६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनिआपोलिसमध्ये तो मिनेसोटाविरुद्ध उतरला. आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर त्याने स्वतःसाठी चार ओळी लिहिल्या होत्या. आपल्या वंशाची, कुटुंबाची आणि स्वतःची अब्रू उद्याच्या खेळावर आहे, असा त्यांचा आशय. सुरुवातीलाच त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले, तरी तो खेळत राहिला. उत्तरार्धात तो खाली पडला आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूंचे पाय त्याच्या अंगावरून गेले. दोन दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, शरीराच्या आत झालेल्या रक्तस्रावाने तो गेला. तो कागद नंतर त्याच्या कोटाच्या खिशात सापडला. वय अवघे एकवीस.

मग त्याचा विसर पडला. पन्नास वर्षांनी, १९७०च्या दशकात, एम्सच्या विद्यार्थ्यांनी ही हकिगत उकरून काढली. नवे स्टेडियम १९७५ मध्ये तयार झाले तेव्हा त्याला ट्राइसचे नाव द्या, अशी त्यांची मागणी होती. विद्यापीठाने टाळाटाळ केली. सह्यांच्या मोहिमा झाल्या, एक तुकडी पदवी घेऊन गेली की पुढची तुकडी ती मागणी हातात घेई. १९८४ मध्ये फक्त आतल्या मैदानाला त्याचे नाव मिळाले. अखेर १९९७ मध्ये पूर्ण स्टेडियम ‘जॅक ट्राइस स्टेडियम’ झाले. देशातल्या पहिल्या फळीच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये काळ्या माणसाचे नाव असलेले ते एकमेव मैदान आहे. खेळाडू पाहुणा असतो असे वर म्हटले. जॅक ट्राइस जेमतेम दोन सामने खेळून गेला आणि विद्यार्थ्यांच्या एकामागून एक आलेल्या तुकड्यांनी त्याला परत आणून कायमचा तिथे बसवला.

चाहत्यांची निष्ठा मात्र नेहमीच अशा चांगल्या कामी लागली असे नाही. मिसिसिपी विद्यापीठाच्या ऑक्सफर्डमधल्या ‘द ग्रोव्ह’ या वनराईत सामन्याच्या दिवशी तंबू लागतात, पांढऱ्या चादरी अंथरल्या जातात, चांदीच्या ताटांत जेवण वाढले जाते, तंबूंत झुंबरेसुद्धा लटकतात. देशातले सर्वांत देखणे आदरातिथ्य म्हणून त्याचा लौकिक आहे. पण याच संघाच्या सामन्यात, २९ सप्टेंबर १९६२ च्या रात्री जॅक्सनमध्ये, गव्हर्नर रॉस बार्नेट मध्यंतरात मैदानात आले आणि मिसिसिपीच्या चालीरीतींवरचे प्रेम त्यांनी माइकवरून बोलून दाखवले. जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला विद्यापीठात प्रवेश मिळू नये म्हणून ते लढत होते. पायऱ्यांवर गुलामीसाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचे हजारो झेंडे फडकत होते. दुसऱ्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल झाली आणि दोघांचा जीव गेला. ते झेंडे स्टेडियममधून हटायला १९९७ उजाडले, तेही आडवाटेने. झेंड्यावर बंदी घालता येईना म्हणून प्रेक्षकांना काठ्या आणायला मनाई केली गेली. ‘डिक्सी’ हे जुन्या दक्षिणेचे गाणे बँडने वाजवणे थांबवले २०१६ मध्ये.

काळ्या विद्यार्थ्यांना दारे बंद होती तेव्हा त्यांनी आपले वेगळे विश्व उभे केले. लुइझियानातल्या ग्रँबलिंगमध्ये एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ प्रशिक्षक म्हणून काम केले आणि ४०८ सामने जिंकले. १९७४ पासून न्यू ऑर्लिन्समध्ये ग्रँबलिंग विरुद्ध सदर्न हा ‘बायू क्लासिक’ खेळला जातो. तिथे मध्यंतरात जागा सोडून कोणी उठत नाही, कारण दोन्ही बँडची जुगलबंदी हाच अनेकांसाठी मुख्य सामना असतो. या परंपरेवर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा. तिला इतर ठिकाणच्या वर्णनांत जी एखाददुसरी ओळ मिळते, ती अन्यायाचीच आहे.

बँडविना महाविद्यालयीन फुटबॉल कल्पनेतही येत नाही. ओहायो स्टेटचा बँड १९३६ पासून चालता चालता ‘ओहायो’ हे नाव वळणदार अक्षरांत मैदानावर रेखाटतो आणि शेवटी सूझाफोनवाला ठुमकत येऊन एका अक्षरावरचे टिंब होतो. तो मान मिळावा म्हणून मुले वर्षानुवर्षे झटतात. १९८२ मध्ये बर्कलीत मात्र स्टॅनफर्डचा बँड सामना संपला असे समजून आधीच मैदानात घुसला. कॅलिफोर्नियाच्या मुलांनी पाच वेळा चेंडू एकमेकांकडे सोपवत, त्या वादकांमधूनच वाट काढत विजयी टचडाउन केला आणि शेवटी एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवे केले. टेनेसीत १९६२ साली जॉर्ज मूनी या समालोचकाने रस्त्यावरची कोंडी टाळायला छोट्या होडीतून स्टेडियम गाठले. आज सामन्याच्या दिवशी टेनेसी नदीच्या काठाला होड्यांचा तांडाच लागतो. बाकी ठिकाणी गाडीचा मागचा फाळका खाली पाडून, तिथेच चूल मांडून, पहाटेपासून मांस भाजत बसायचे. याला टेलगेटिंग म्हणतात, आणि अनोळखी माणसालाही पुढे केलेली प्लेट हा त्याचा पहिला नियम.

वैराची कडवी बाजूही आहे. अलाबामा राज्यातल्या ऑबर्नमध्ये विजयानंतर टूमर्स कॉर्नरच्या दोन जुन्या ओक वृक्षांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकून आनंद साजरा करत. २०१० च्या सामन्यात ऑबर्नने अलाबामाला २८-२७ असे हरवले. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांशी जहाल तणनाशक ओतले आणि रेडिओवर फोन करून ते सांगितलेही. झाडे वाचली नाहीत, २०१३ मध्ये तोडावी लागली. त्याच्यावर खटला झाला, शिक्षा झाली. मात्र त्या वेळी अलाबामाच्याच चाहत्यांनी झाडांसाठी निधी उभा केला होता, हेही तितकेच नोंदवण्यासारखे.

आता या जगाच्या पायाखालची जमीन हलते आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. दीडशे वर्षे ज्यांच्या अंगमेहनतीवर एवढी स्टेडियम भरली त्यांना पैसे मिळाले, याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याच सुमारास दूरचित्रवाणीच्या करारांनी शेजार मोडले. लॉस एंजलिसची दोन विद्यापीठे, ओरेगन आणि वॉशिंग्टन २०२४ मध्ये ‘बिग टेन’ या मध्य-पश्चिमेच्या गटात गेली. परिणामी त्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजलिसच्या दोनपैकी एक संघ गटातला सामना खेळायला सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या रटगर्सला गेला, म्हणजे जिथे हा खेळ सुरू झाला तिथेच. या अंतरावर आजोबा-नातू गाडीने जाऊ शकत नाहीत. १९१५ पासूनचा पश्चिम किनाऱ्याचा गट मोडला आणि त्यात दोनच संघ मागे उरले, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

वॉशिंग्टन स्टेटचे गाव पुलमन, गव्हाच्या टेकड्यांत वसलेले. मोठ्या बाजारपेठा नाहीत, म्हणून टीव्हीला ते नको होते. याच गावाच्या माजी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट मात्र वीस वर्षांहून अधिक काळ न चुकता चालवली आहे. ‘कॉलेज गेमडे’ हा लोकप्रिय कार्यक्रम दर शनिवारी वेगळ्या विद्यापीठातून प्रसारित होतो. २००३ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये त्यांच्यातल्या एकाने निवेदकांच्या मागे वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा फडकवला. तेव्हापासून हा कार्यक्रम कुठेही असो, कुणी ना कुणी स्वयंसेवक तिथे झेंडा घेऊन उभा असतो, आणि कार्यक्रम संपला की झेंडा टपालाने पुढच्या गावाला रवाना होतो. १४ सप्टेंबर २०२४ रोजी सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन स्टेट आणि गट सोडून गेलेले वॉशिंग्टन समोरासमोर आले. एरवी नोव्हेंबरअखेर होणारा हा ‘अॅपल कप’चा सामना तारखेसह विस्कटला होता. तरी पुलमनचे लोक राज्याच्या दुसऱ्या टोकाहून गाड्या हाकत आले, आणि अखेरच्या क्षणी गोलरेषेपाशी प्रतिस्पर्ध्याला अडवून त्यांचा संघ २४-१९ असा जिंकला.